टर्कीचे दोन काटे

एप्रिल अर्धा उलटला की अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात रानटर्कीच्या शिकारीचा हंगाम उघडतो. फोनवरून नोंद करायची सोय येण्याआधी तिथल्या शिकाऱ्याला आपला पक्षी जवळच्या नोंदणी केंद्रावर आणून दाखवावा लागे. केंद्र म्हणजे बहुतेकदा गावातलं दुकान नाहीतर पेट्रोल पंप. दुपारी एकला शिकार बंद व्हायची आणि त्याच्या आगेमागे गाड्या येऊन थांबायच्या. दोन्ही पाय एकत्र धरून पक्षी आकड्याला उलटा टांगायचा. लांबून काळा दिसणारा हा पक्षी ऊन पडलं की तांब्यासारखा चकाकतो, मध्येच हिरवी झाक मारतो. डोकं आणि मान उघडी, निळसर-लाल, गाठीगाठींची. छातीतून घोड्याच्या शेपटीच्या केसांसारखा राठ झुबका लोंबतो, त्याला दाढी म्हणतात. वजनाचा काटा हलतो, थरथरतो, स्थिरावतो. जमलेल्यांचा प्रश्न एकच असतो : किती भरला?

वीस पौंड, म्हणजे नऊ किलो भरला तर समाधान. पंचवीस पौंडांच्या, म्हणजे सव्वाअकरा किलोंच्या पुढे गेला तर गावभर चर्चा. अमेरिकेतल्या नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशनकडे नोंदलेला सर्वांत जड रानटर्की 37 पौंडांच्या वर, म्हणजे जवळपास 17 किलोंचा आहे. पण तो अपवादांतला अपवाद. पूर्ण वाढलेला नर साधारण सात ते अकरा किलोंत बसतो आणि मादी त्याच्या निम्म्याच्या आसपास, चार किलो किंवा थोडी अधिक.

केंद्रावर एखादा वन्यजीव अभ्यासक असला तर तो हा आकडा लिहून घ्यायचा, पण त्याचं खरं लक्ष दुसऱ्याच काट्यावर असायचं. नर टर्कीच्या पायाला, बोटांच्या वर मागच्या बाजूला, आपल्या गावरान कोंबड्यासारखाच काटा असतो. वर्षभराच्या नराला तिकडे जेक म्हणतात. त्याचा काटा म्हणजे जेमतेम एक बोथट उंचवटा, अर्ध्या इंचाच्या आत. दोन वर्षांच्या नराचा अर्धा इंच ओलांडतो, पण इंचापर्यंत पोचत नाही. तीन वर्षांचा इंचाजवळ येतो. त्यापुढे काटा वाकडा, टोकदार, काळा होत जातो. शेपटीही वय सांगते. पिसारा पंख्यासारखा उघडला की जेकची मधली काही पिसं बाकीच्यांपेक्षा लांब, वर डोकावणारी दिसतात. प्रौढ नराच्या पिसाऱ्याची कड एकसारखी गोल असते.

हा दुसरा काटा इतका महत्त्वाचा का? कारण नराचं वजन पहिल्या दोन-तीन वर्षांत भराभर वाढतं आणि मग थांबतं. जेक आणि दोन वर्षांचा नर यांच्यात अडीच-तीन किलोंचं अंतर सहज पडतं, पण तीन वर्षांचा आणि पाच वर्षांचा नर एकाच वजनाचे असू शकतात. म्हणजे वजनावरून 'पोरगा की बाप्या' एवढंच कळतं. 'बाप्याचं वय किती' हे कळत नाही. जडात जड पक्षी हाच सगळ्यांत म्हातारा, असं मानणारे शिकारी पुष्कळ असतात, आणि पायाचा काटा त्यांना खोटं पाडतो.

मराठी वाचकाला यात एक गोष्ट खटकेल, आणि ती खटकणं रास्त आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानातल्या पक्ष्याची शिकार म्हणजे गुन्हा. मग शिकाऱ्यांच्या काट्यावर विज्ञान कसं उभं राहतं? तिकडची वाट वेगळी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे रानटर्की बहुतेक राज्यांतून पुसला गेला होता. मिझुरीत 1950 च्या दशकाच्या आरंभी अडीच हजारांच्या आसपास पक्षी उरले होते. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. त्या पैशांतून उरलेल्या रानटी कळपांतले पक्षी जाळ्यांत पकडून रिकाम्या रानांत सोडले गेले. व्हरमाँट राज्यात 1969 आणि 1970 साली न्यूयॉर्कहून आणलेले अवघे 31 पक्षी सोडले होते, आज तिथे त्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे. मिझुरीने 1960 साली पुन्हा हंगाम उघडला, तेव्हा पहिल्या वर्षी 94 टर्की मारले गेले. एकेक पक्षी मोजला, तोलला गेला तो याचसाठी : सोडलेला कळप खरोखर तग धरतोय का, हे कळावं म्हणून.

आता वजनाकडे परत. तोच नर मार्चच्या शेवटी तोलला आणि मेच्या मध्यावर तोलला तर दोन वेगळे आकडे येतात. हिवाळा सरता सरता नराच्या छातीवर, कातडीखाली, चरबीचा एक जाड मऊ थर साठतो. इंग्रजीत त्याला 'छातीचा स्पंज' अशा अर्थाचा शब्द आहे. वसंतात नर खाणंपिणं जवळपास विसरतो. पहाटे झाडावरूनच आरवायला लागतो, खाली उतरला की पिसारा उभारून, पंखांची टोकं जमिनीला घासत माद्यांसमोर तासन् तास फिरतो, दुसऱ्या नरांशी भांडतो. या सगळ्याला लागणारं इंधन त्या थरातून येतं. हंगामाच्या पहिल्या दिवशी मारलेल्या नराची छाती बोटाने दाबली तर गुबगुबीत लागते, शेवटच्या दिवशीच्या नराचं उरोस्थी हाताला टोचतं. म्हणून तारीख न लिहिता लिहिलेलं वजन मला अर्धवट वाटतं.

हा पिसारा आपल्याकडच्या एका माणसाने फार बारकाईने पाहिला होता. 1612 साली जहांगीर बादशहाच्या हुकमावरून त्याचा दरबारी मुकर्रब खान गोव्याला गेला आणि पोर्तुगिजांकडून जे नवलाचे प्राणी घेऊन आला, त्यांत एक टर्की होता. बादशहाने लिहून ठेवलंय की हा पक्षी माजावर आला की मोरासारखी पिसं पसरून नाचतो, आणि त्याच्या डोक्या-मानेचे रंग घडोघडी सरड्यासारखे बदलतात. उस्ताद मन्सूरने त्याचं काढलेलं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. मानेच्या गाठीन् गाठी त्यात दिसतात. त्याचं वजन मात्र कुणी नोंदवलेलं नाही.

दिवसाची वेळही वजनात शिरते. सकाळी झाडावरून उतरलेल्या पक्ष्याच्या गळ्याखालची थैली रिकामी असते. दुपारपर्यंत ती मक्याच्या दाण्यांनी, कोवळ्या गवताने, किड्यांनी भरलेली असते. चिकनच्या दुकानात आपण 'जिवंत वजन की साफ करून?' असं विचारतो. इथेही तोच प्रश्न आहे. आतडी, कलेजी, पेटा काढून मग तोललेला पक्षी आणि अख्खा पक्षी एका रकान्यात लिहिले की सरासरी बिघडली. घरी नोंद करणारे तर स्वतः वजनाच्या काट्यावर आधी रिकाम्या हाताने आणि मग पक्षी घेऊन उभे राहतात आणि वजाबाकी करतात. ज्यांच्याकडे काटा नसतो ते अंदाज बांधतात, आणि माणसाचा अंदाज वीस, पंचवीस अशा गोल आकड्यांवर जाऊन बसतो.

पण सगळ्यांत मोठी फसगत सरासरीतच आहे. समजा एका तालुक्यात 100 नर मारले गेले. जेक साडेसहा किलोंचा आणि प्रौढ नर नऊ किलोंचा धरू. शंभरांत 20 जेक असतील तर सरासरी साडेआठ किलो येते. पुढच्या वर्षी शंभरांत 40 जेक आले तर सरासरी आठ किलो. अर्धा किलो घट! वरवर पाहणारा म्हणेल, रानात चारा कमी पडला, पक्षी खंगले. प्रत्यक्षात एकाही पक्ष्याचं वजन एका ग्रॅमने कमी झालेलं नाही. उलट, आदल्या उन्हाळ्यात पिल्लं भरपूर जगली म्हणून जेक जास्त आहेत. घसरलेली सरासरी ही इथे आनंदाची बातमी आहे. आणि वर्षानुवर्षं पिल्लं जगत नसतील तर जेक कमी होत जातील, काट्यावर नुसते जाडजूड बाप्ये येतील, सरासरी चढत राहील आणि कळप आतून पोकळ होत जाईल. नुसत्या वजनावर विसंबलेल्याला हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. पायाचा काटा पाहणाऱ्याला त्याच वर्षी कळतं.

कायदाही सरासरीत हात घालतो. मिसिसिपी राज्यात प्रौढ शिकाऱ्याला जेक मारायची मुभाच नाही. नर पूर्ण वाढलेला हवा, किंवा त्याची दाढी सहा इंचांची तरी हवी. तिथली सरासरी शेजारच्या राज्यापेक्षा जास्त दिसली तर त्यामागे माती-पाणी किती आणि नियम किती, हे आधी वेगळं करावं लागेल. शिवाय आवाज काढून बोलावल्यावर सगळ्यांत उतावीळपणे धावत येतो तो दोन वर्षांचा नर. वयस्क नराभोवती माद्या आधीच जमलेल्या असतात, त्याला यायची गरज पडत नाही. म्हणजे काट्यावर आलेले पक्षी हा रानातल्या पक्ष्यांचा सरळ नमुना नव्हे. जे फसले, त्यांचा तो नमुना आहे.

हे सगळं बाजूला काढल्यावर मग खरा निसर्ग दिसू लागतो. फ्लोरिडा द्वीपकल्पातली ओसिओला ही उपजात अंगाने लहान आणि गडद. तिचा नर वीस पौंडांपर्यंत क्वचितच जातो. ईशान्येकडच्या आणि मध्य-पश्चिमेच्या थंड राज्यांतले पूर्वेकडच्या उपजातीचे नर चांगलेच भारी. थंड मुलखात मोठं शरीर ऊब धरून ठेवतं, कारण वजनाच्या मानाने त्याची कातडी कमी उघडी पडते. त्यात मक्याची शेतं. कापणीनंतर पडून राहिलेले दाणे हा हिवाळ्यातला आयता खाऊ. आणि ओकची झाडं. आपल्याकडे आंबा एका वर्षी लगडतो आणि दुसऱ्या वर्षी हात आखडता घेतो, तसंच ओकचं आहे. ज्या शरदात ओकखाली फळांचा सडा पडतो, त्या शरदात टर्की रानाच्या आत राहतात, उघड्या शेतांत फिरकत नाहीत आणि शरदातल्या हंगामात शिकाऱ्याच्या हाती कमी लागतात. म्हणजे पक्षी धष्टपुष्ट, आणि काट्यावर मात्र मोजकेच.

वजन वाढायला मर्यादा आहे, आणि ती झाड घालतं. रानटर्की रात्र झाडावर काढतो. रोज संध्याकाळी त्याला स्वतःचं नऊ-दहा किलोंचं शरीर उंच फांदीवर नेता आलं पाहिजे, नाहीतर कोल्हा आणि लांडग्याच्या कुळातला कायोटी आहेतच. पाळीव टर्कीवर हे बंधन नाही. लंडनमध्ये 1989 साली तोललेला एक पाळीव नर 39 किलोंचा भरला. पांढऱ्या रुंद छातीच्या आजच्या जातींच्या नरांना छातीच्या भारामुळे नैसर्गिक मीलनही जमत नाही, पैदास कृत्रिम रेतनाने करावी लागते. रानटर्की संपत आले तेव्हा पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले होते, अनेक राज्यांत आणि अनेक वर्षं. ते टिकले नाहीत. 1944 साली वन्यजीव अभ्यासक स्टार्कर लिओपोल्ड यांनी मिझुरीतल्याच रानटी आणि संकरित पक्ष्यांची तुलना केली, तेव्हा रानटी पक्ष्याचा मेंदू आणि अॅड्रिनल, पिट्यूटरी या ग्रंथी शरीराच्या मानाने मोठ्या निघाल्या. काट्यावर दिसतं ते मांस, पण रानात जगवतो तो भित्रा, सावध मेंदू, आणि त्याचं वजन कुणी विचारत नाही.

मला मात्र आणखी एका वजनाची चुटपुट लागते. वसंतातला हंगाम नरांपुरता असतो, त्यामुळे काट्यावर येतो तो जवळपास सगळा नरच. पण कळपाचं पुढचं वर्ष ठरतं मादीच्या वजनावर. मिनेसोटाच्या आग्नेय भागातल्या अभ्यासात असं दिसलं की हिवाळ्यात ज्यांना मका मिळाला त्या माद्या वसंतात जड होत्या आणि त्यांची वीणही चांगली झाली. हलक्या माद्या मागे पडल्या. भुसभुशीत बर्फ खोल साचला की टर्कीला चालता येत नाही. मग तो दिवसचे दिवस झाडावर बसून राहतो आणि अंगातली चरबी जाळतो. मादीकडे ती चरबी नराइतकी नसते. तरी त्यानंतर तिला दहा-बारा अंडी घालायची असतात आणि अठ्ठावीस दिवस उबवायची असतात. त्या काळात ती खायला उठते ती थोड्या वेळापुरती.

तिचं वजन कळतं ते फेब्रुवारीत, अभ्यासकांनी मका टाकून रॉकेटच्या जाळ्यात पकडलं तर. जाळं धडकन उडतं, पिसांचा कल्लोळ होतो, माणसं धावत जातात. मादीचे पंख मिटून तिला पिशवीत घालतात, पिशवी ताणकाट्याला लावतात, चार किलोंच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी आकडा थांबतो. वहीत लिहिला जातो. पायात कडी अडकवतात आणि सोडून देतात. ती काही पावलं पळते, मग उडते, शेताच्या कडेच्या झाडांकडे.