स्टेज मॉनिटरसाठी लिमिटर

गायक-वादकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्या पुढ्यात तिरका ठेवलेला स्पीकर म्हणजे स्टेज मॉनिटर, साउंडवाल्यांच्या बोलीत ‘वेज’. त्याच्याकडे जाणारा सिग्नल ठरावीक पातळीवर अडवतो तो लिमिटर.

वेज बहुतेकदा गाण्याने जळत नाही, शिट्टीने जळतो. गाण्यात आवाज सतत चढतो-उतरतो, त्यामुळे कॉइलला (स्पीकरमधल्या तारेच्या वेटोळ्याला) निवायला उसंत मिळते. फीडबॅकची शिट्टी, म्हणजे वेजचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून उठणारी शिट्टी, हा एकच अखंड सूर. ती अडीच-तीन हजार हर्ट्झला बसली, की सगळा भार एकट्या कॉम्प्रेशन ड्रायव्हरच्या (वेजमधल्या उंच सुरांच्या स्पीकरच्या) बारीक तारेवर येतो. म्हणून दोन लिमिटर लागतात. माइक पडणे, चालू चॅनलची केबल उपटणे असले क्षणिक धक्के पीक लिमिटर अडवतो. साचत जाणारी उष्णता आरएमएस, म्हणजे सरासरी पातळी पाहणारा, लिमिटर.

पातळी अंदाजाने लावू नये. वॅट आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले की व्होल्ट मिळतात. 400 वॅट, 8 ओहमच्या वूफरला (खालच्या सुरांच्या स्पीकरला) 56.6 व्होल्ट. ॲम्पचा गेन (आत आलेले व्होल्ट किती पट होऊन बाहेर पडतात) 32 डीबी, म्हणजे 40 पट असेल, तर ॲम्पच्या तोंडाशी, म्हणजे इनपुटला, 1.41 व्होल्ट, म्हणजे +5.2 डीबीयू (व्होल्टचे डेसिबलमधले माप). त्याच ॲम्पवर 80 वॅट, 8 ओहमच्या ड्रायव्हरला 25.3 व्होल्ट, म्हणजे ॲम्पच्या तोंडाशी −1.8 डीबीयू. हिशेबात सतत क्षमतेचाच आकडा घ्यावा. बॉक्सच्या पाठीवर ठळक छापलेला ‘पीक’चा आकडा सहसा त्याच्या चौपट असतो. एका चॅनलवर दोन वेज समांतर जोडले तरी थ्रेशोल्ड (लिमिटर दाबायला लागतो ती पातळी) तोच राहतो, कारण दोघांनाही व्होल्ट सारखेच मिळतात. पीक लिमिटर आरएमएसपेक्षा 6 डीबीपर्यंत वर चालतो.

80 हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) लावलेल्या वूफरला पीक लिमिटरचा अटॅक (दाबायला लागणारा वेळ) 8 मिलिसेकंद आणि रिलीज (सोडायला लागणारा वेळ) त्याच्या 16 पट. दीड हजार हर्ट्झवरच्या ड्रायव्हरला अटॅक अर्धा मिलिसेकंद. आरएमएसचा अटॅक मात्र सेकंदांत मोजतात. हाय-पास वगळू नये. भीमगीतांच्या मंचावर ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड एकाच वेजमधून जातात, आणि खालच्या ठोक्याने कोन (वूफरचा हलणारा पडदा) मर्यादेबाहेर हलतो.

लिमिटर क्रॉसओव्हरनंतर (खालचे आणि उंच सूर वेगळे करणाऱ्या यंत्रानंतर), प्रत्येक बँडला वेगळा आणि ॲम्पच्या अगदी आधी हवा. त्यानंतर ग्राफिक इक्वलायझर (निवडक सूर कमी-जास्त करणारे यंत्र) जोडला किंवा कोणी ॲम्पचा नॉब फिरवला, की सगळा हिशेब मोडतो. नॉब एका जागी ठेवून त्यावर टेप लावणे उत्तम. ॲम्पमधला क्लिप लिमिटर फक्त क्लिपिंग (ॲम्पची कमाल मर्यादा ओलांडून सिग्नल कापला जाणे) आवरतो, स्पीकरची क्षमता त्याला ठाऊक नसते.

तपासणी वेज काढून करावी. 100 हर्ट्झचा साइन टोन (एकच शुद्ध सूर) देऊन ॲम्पच्या आउटपुट टोकांवर मल्टिमीटरने व्होल्ट मोजावेत आणि गेन काढावा. हजारो हर्ट्झला साधे मीटर खोटे बोलते, म्हणून ड्रायव्हरचा थ्रेशोल्ड याच गेनवरून काढायचा. 50-60 व्होल्टचा झटका लागतो. उघड्या टोकांना हात लावू नये.

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. कस्तुरचंद पार्कसारख्या उघड्या मैदानावर दुपारी मांडलेले काळे वेज पहिल्या गाण्याआधीच तापलेले असतात. अशा वेळी आरएमएस थ्रेशोल्ड 3 डीबी खाली घ्यावा, म्हणजे शक्ती निम्मी होते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. कॉइल 150 अंशांनी तापली तर रोध जवळपास 60 टक्के चढतो आणि तेवढ्याच व्होल्टला आवाज पडतो. गायक ‘अजून द्या’ म्हणतो, ऑपरेटर फेडर चढवतो. लिमिटर आधीच दाबत असेल तर मोठा आवाज वाढत नाही, हळू जागा मात्र वर येतात आणि शिट्टी आणखी जवळ येते. तिथे इक्वलायझरने ती फ्रिक्वेन्सी कापावी, नाहीतर माइकची जागा बदलावी. लिमिटर शिट्टी थांबवत नाही, तिचा जोर तेवढा मर्यादेत ठेवतो.

धड 8 ओहमचा वूफर मीटरवर साडेपाच ते साडेसहा ओहम दाखवतो. काहीच वाचन आले नाही तर कॉइल तुटलेली. वाचन बरोबर असूनही कोन चारही बोटांनी सारखा दाबताना खरखर आली, तर कॉइल तापून वेडीवाकडी झालेली असते. तो वूफर रिकोन केल्याशिवाय, म्हणजे कोन आणि कॉइल बदलल्याशिवाय, लावू नये.