कूल

कूल हे मूळचे इंग्रजी विशेषण गोव्यातल्या मराठी बोलण्यात आता चांगलेच रुळले आहे. त्याचा पहिला अर्थ गार. हुडहुडी भरवणारी थंडी त्यात नाही. ज्या प्राचीन धातूपासून हा शब्द निघाला त्यापासूनच, लॅटिनमार्गे, पोर्तुगीज ‘झेलु’ म्हणजे बर्फ आला. तेव्हा कूलचा दूरचा भाऊबंद गोव्यात त्याच्या कितीतरी आधी पोचला होता.

शांत डोक्याचा, तुटक वागणारा हे अर्थ इंग्रजीत जुनेच. अठराव्या शतकापासून रकमेच्या आधीही तो लागतो, घसघशीत या अर्थाने. ‘झकास’ हा अर्थ मात्र अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय जॅझ वादकांचा. 1930 ते 1950 या काळात तो पसरला. श्रेय बहुतेकदा सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांना देतात. त्याच अर्थाचा, नंतर आलेला ‘ग्रूव्ही’ विटला, कूल टिकला.

साठच्या दशकाअखेरीस हणजूण, कळंगुटला उतरलेल्या हिप्पींना गोव्यातल्या कूलचे श्रेय देण्याचा मोह होतो. पण पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या मराठी घरांत तो टीव्ही, इंग्रजी शाळा आणि मोबाइलमुळे शिरला, हे अधिक पटते.

इथे त्याचे काम बरेचदा हुंकाराचे असते. “पाचला म्हापशाच्या स्टँडवर ये.” “कूल.” यात कौतुक नाही, नुसता होकार आहे. “नाही जमलं तरी कूल” म्हणजे हरकत नाही. ‘थंड’ इथे चालत नाही. मराठीत थंड माणूस म्हणजे ढिम्म. सुशेगाद, म्हणजे गोव्याच्या बोलीतला निवांत, जवळचा वाटतो, पण सुशेगाद माणसाला कोण बघतेय याची फिकीर नसते, कूल माणसाला ती नसल्याचे दाखवावे लागते.

‘सुंदर’प्रमाणे तो लिंगवचनाने बदलत नाही: कूल पोरगा, कूल पोरगी, कूल गाडी. ‘कूलपणा’ही ऐकू येतो. लिहिताना ल चा ळ होऊ देऊ नये. कूळ-मुंडकार, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा आणि दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, हा गोव्यात कोर्टकचेरीचा विषय आहे. संस्कृतातला कूल म्हणजे काठ, ज्यावरून अनुकूल आणि प्रतिकूल झाले, तोही वेगळाच.

छापील मराठीत हा शब्द अजून बिचकतच येतो. क्रीडा पानावर मात्र महेंद्रसिंग धोनीला ‘कॅप्टन कूल’ म्हणताना कोणी अवतरणचिन्हांचीही तसदी घेत नाही.