कार्ब्युरेटर ते इंधन अंतःक्षेपण : जुन्या मोटारगाड्यांचे रूपांतर

जुन्या पेट्रोल गाडीचा कार्ब्युरेटर उतरवून त्या जागी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने इंधन फवारणारी यंत्रणा बसविण्याची प्रक्रिया. एंजिन, गिअरपेटी व बाह्यरूप मूळचेच राहते. बदलतो तो इंधन मोजण्याचा मार्ग. कार्ब्युरेटरमध्ये हवेच्या ओढीने जेटमधून (ठरावीक मापाच्या छिद्रातून) पेट्रोल खेचले जाते. अंतःक्षेपणात संवेदक हवेचा अंदाज देतात आणि नियंत्रक (ईसीयू) इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ठरवतो.

नाशिकमध्ये या रूपांतराला भूगोलाचे कारण आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मी. उंचीवर असून तेथील हवेचा दाब साधारण ९४ किलोपास्कल भरतो. मुंबईत तो १०१ च्या आसपास असतो. कार्ब्युरेटरचे मिश्रण हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे मुंबईत जेट लावून आणलेली गाडी नाशिकला सुमारे ३ टक्के गडद (पेट्रोल जास्त असलेल्या) मिश्रणावर चालते. हा फरक सहन होतो. उन्हाळ्यात कसारा घाट चढताना होणारा बाष्परोध मात्र गाडी जागेवर थांबवतो : यांत्रिक पंप एंजिनच्या अंगालाच असतो, त्याच्या ओढीच्या बाजूला दाब कमी असतो आणि तापलेले पेट्रोल नळीतच उकळते. टाकीजवळचा विद्युत पंप, ३ बार दाब आणि टाकीकडे सतत परतणारा प्रवाह यांमुळे हा दोष जवळजवळ नाहीसा होतो.

इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपणाच्या उगमाविषयी एकमत नाही. इटलीतील १९४० च्या मिल्ले मिल्या शर्यतीत आल्फा रोमिओच्या एका गाडीवर काप्रोनी-फुस्काल्दो ही विद्युत अंतःक्षेपण यंत्रणा होती असे सांगितले जाते व काही लेखक तेथूनच आरंभ धरतात. तीत विद्युतचुंबकी झडप होती, पण मिश्रणाचे आजच्या अर्थाने गणन होत होते असे मानणे अवघड आहे. १९५४ ची मर्सिडीझ ३०० एसएल व १९५७ ची शेव्हरले यांच्यावरील अंतःक्षेपण यांत्रिक असल्याने ती या वादात येत नाहीत. अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीची ‘इलेक्ट्रोजेक्टर’ प्रणाली १९५७ च्या सुमारास जाहीर झाली आणि १९५८ च्या काही क्रायस्लर गाड्यांवर बसली. अशा गाड्यांची संख्या बहुधा पस्तीसच्या आसपास होती. तिचे घटक उष्णता व ओलावा यांपुढे टिकले नाहीत आणि त्यांतील बहुतेक गाड्यांना पुन्हा कार्ब्युरेटर बसवावे लागले. बेंडिक्सच्या पेटंटांच्या आधारे बॉशने विकसित केलेली डी-जेट्रॉनिक १९६७ पासून फोक्सवॅगन १६०० वर आली. मोठ्या प्रमाणावर बनलेली व रस्त्यावर टिकलेली पहिली प्रणाली तीच असल्याने प्रस्तुत नोंदीत तिलाच प्रारंभबिंदू मानले आहे. सेवन नळीतील (एंजिनात हवा नेणाऱ्या नळीतील) दाबावरून हवा मोजण्याचे तिचे तत्त्व आजच्या बहुतेक रूपांतर-संचांतही कायम आहे. भारतात हे तंत्र प्रदूषणाच्या मानकांबरोबर आले. २००० च्या आसपास मारुतीच्या गाड्यांत कार्ब्युरेटरची जागा एमपीएफआयने (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असलेल्या प्रणालीने) घेतली. त्यांचे सुटे भाग आज स्थानिक रूपांतरांना उपयोगी पडतात.

रूपांतराचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात कार्ब्युरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी (हवा नियंत्रित करणाऱ्या झडपेचा भाग) बसते व तिच्यातील एक वा दोन इंजेक्टर सर्व सिलिंडरांना पुरवठा करतात. मूळ सेवन नळी तशीच राहते. दुसऱ्यात प्रत्येक सिलिंडरच्या झडपेजवळ इंजेक्टर असतो. दुसरा प्रकार तत्त्वतः अचूक आहे, पण प्रत्येक एंजिनाला तो लागू पडत नाही. ॲम्बॅसडरचे १४८९ घ.सेंमी. एंजिन हे याचे ठळक उदाहरण होय.

हे एंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतील असून त्याच्या हेडला चार सिलिंडरांसाठी दोनच सेवनद्वारे आहेत : एक १ व २ साठी, दुसरे ३ व ४ साठी. ज्वलनक्रम १-३-४-२ असल्याने पहिल्या द्वारातून आधी २ व त्यानंतर क्रँकच्या अवघ्या १८० अंशांनी १ हा सिलिंडर हवा ओढतो. मग ५४० अंश द्वार शांत राहते. दुसऱ्या द्वारात ३ नंतर ४ असा क्रम लागतो. इंधन ठरावीक अंतराने, झडपांचा विचार न करता फवारले तर शांत काळात साचलेले पेट्रोल आधी ओढणाऱ्या आतल्या सिलिंडरांना, म्हणजे २ व ३ ला, मिळते आणि १ व ४ कोरडे राहतात. प्लग काढून पाहिल्यास मधले दोन काळे व कडेचे दोन पांढरट दिसतात. एक्झॉस्टमधील लॅम्डा संवेदक (धुरातील ऑक्सिजनवरून मिश्रण ओळखणारा) चौघांची सरासरी वाचत असल्याने पडद्यावर मात्र सर्व ठीक वाटते. ब्रिटनमध्ये मिनी गाडीच्या याच धर्तीच्या ‘ए’ मालिका एंजिनावर १९९१ पासून एक इंजेक्टर वापरला गेला. १९९६ पासून दोन इंजेक्टर आले, तेही काटेकोर वेळ साधून फवारणारे. त्यासाठी कॅमशाफ्टच्या स्थितीचा संकेत आणि अशा द्वारांसाठीच लिहिलेली नियंत्रक-आज्ञावली लागते. म्हणून ॲम्बॅसडरच्या या एंजिनाला थ्रॉटल बॉडीचा मार्गच अधिक निर्धोक ठरतो.

इंजेक्टरचे माप शक्तीवरून काढतात. पूर्ण भाराला दर अश्वशक्तीमागे मिनिटाला सुमारे ५.२५ घ.सेंमी. पेट्रोल लागते आणि इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवू नये. ५० अश्वशक्तीच्या एंजिनाला त्यामुळे एकूण सुमारे ३३० घ.सेंमी. प्रतिमिनिट क्षमता हवी. चार इंजेक्टर असल्यास प्रत्येकी साधारण ८२. गरजेपेक्षा फार मोठे इंजेक्टर घेतल्यास आयडलिंगला ते इतका अल्प काळ उघडतात की फवारा अनियमित होतो व एंजिन हेलकावे खाते.

बहुतेक रूपांतरे फसतात ती इंधनपुरवठ्यात. यांत्रिक पंपाचा दाब ०.२ ते ०.३५ बार असतो, झडपेजवळील इंजेक्टरांना ३ बार लागतो. जुनी रबरी नळी व साधी स्क्रू-क्लिप या दाबाला फुटू शकतात. अंतःक्षेपणाच्या दर्जाची (एसएई जे३० आर९) नळी व तिच्याच क्लिपा वापराव्यात. जुन्या टाकीत आडपडदे नसल्याने पाव टाकी असताना वळणावर पंप हवा ओढतो आणि दाब क्षणात पडतो. उपाय म्हणजे १ ते २ लिटरचे साठवण भांडे : मूळ पंप ते भरतो, दाबाचा पंप त्यातून घेतो, परतीचे पेट्रोल त्यात येते व वरची नळी टाकीकडे जाते. टाकीतील गंज आधी काढून पंपानंतर १० मायक्रॉनची गाळणी बसवावी. एंजिन बंद पडताच दोन सेकंदांत पंप तोडणारा रिले आणि अपघातात पंपाची वीज तोडणारा आघात-स्विच कधीही वगळू नयेत; दाबाखालची गळकी नळी आणि चालू पंप म्हणजे आग.

विजेची बाजूही तितकीच महत्त्वाची. पंप, इंजेक्टर व लॅम्डाचा तापक मिळून दहा ॲम्पिअरच्या आसपास भार येतो. रात्री दिवे लागल्यावर जुना डायनॅमो तो उचलत नाही, म्हणून अल्टरनेटर आधी बसवावा. काही जुन्या ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक चॅसीला जोडलेले असते. ते न बदलता जोडलेला नियंत्रक तत्काळ जळतो. तांब्याच्या गाभ्याच्या प्लग-वायरी संकेतात खरखर आणतात, त्या जागी रोधयुक्त वायरी घ्याव्यात.

फेऱ्यांची नोंद क्रँक पुलीवरील ३६ पैकी एक दात वगळलेल्या चक्रावरून घेतात. संवेदक व दात यांत सुमारे १ मि.मी. अंतर ठेवतात. चुंबकी संवेदकाच्या दोन तारा उलट लागल्या तर गाडी सुरू होते, पण फेरे वाढताच वेळ सरकतो व गाडी मिसिंग मारते; नकाशात (नियंत्रकातील इंधन व ठिणगीच्या कोष्टकात) फेरफार करण्याआधी टायमिंग लाइटने खरी वेळ पडताळणे याचसाठी आवश्यक आहे. लॅम्डा संवेदक एक्झॉस्टच्या संगमानंतर, आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर कलता लावावा, अन्यथा साचलेल्या पाण्याने त्याचा सिरॅमिक गाभा तडकतो. एक्झॉस्टला गळती असल्यास बाहेरची हवा आत येऊन मिश्रण कोरडे भासते आणि नियंत्रक विनाकारण पेट्रोल वाढवत राहतो. एंजिन मुळात निरोगी असावे लागते : कॉम्प्रेशन, झडपांचे अंतर व गॅस्केट तपासल्याशिवाय हात घालू नये.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे या विषयाला नवे महत्त्व आले आहे. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७ लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५, म्हणजे ठरावीक जेटची जुनी गाडी आठ-नऊ टक्के कोरडी चालते, तापते आणि थंडीत चोकशिवाय सुरू होत नाही. लॅम्डावर चालणारा नियंत्रक ही तूट स्वतः भरून काढतो. नळ्या, डायफ्रॅम व बुचाची गॅस्केटे मात्र इथेनॉलला टिकणारीच घ्यावी लागतात.

सातपूरचा बॉश (पूर्वीचा मायको) कारखाना डिझेल नोझल व इंजेक्टर यांसाठी प्रसिद्ध आहे आणि शहरात डिझेल पंपाच्या कामाची जाण जुनी आहे. ते कौशल्य पेट्रोलला जसेच्या तसे लागू होत नाही. दाब आणि नियंत्रण दोन्ही वेगळे. सातपूर-अंबडच्या लहान वर्कशॉपांत होणारी दातेरी चक्राची कापणी, नळीवर इंजेक्टरच्या बुशांचे टिग वेल्डिंग व लेथकाम मात्र थेट उपयोगी पडते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशापासून दूर जाईल असा बदल करता येत नाही. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतील व्हिंटेज क्रमांक हवा असल्यास चॅसी, बॉडी वा एंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. तशी नोंदणी मनात असलेल्या मालकाने सेवन नळीला छिद्र पाडू नये, थ्रॉटल बॉडी मूळ बोल्टांवरच बसवावी, कार्ब्युरेटर, यांत्रिक पंप व डिस्ट्रिब्युटर जपून ठेवावेत आणि काम सुरू करण्यापूर्वी पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयातून लेखी खुलासा घ्यावा.