साचाबदलाचा वेळ घटवणे

एका वस्तूचे उत्पादन थांबवून त्याच यंत्रावर दुसरी वस्तू काढायची असेल, तर साचा, जिग (नग योग्य जागी धरून ठेवणारे साधन), हत्यारे, कच्चा माल आणि यंत्राची मापे बदलावी लागतात. आधीच्या लॉटचा शेवटचा चांगला नग निघाल्यापासून पुढच्या लॉटचा पहिला चांगला नग हाती येईपर्यंत जाणारा काळ म्हणजे साचाबदलाचा वेळ. कारखान्यात त्याला ‘सेटिंग’ म्हणतात. तो पद्धतशीरपणे कमी करण्याचे तंत्र ‘सिंगल मिनिट एक्स्चेंज ऑफ डाय’ किंवा ‘एसएमईडी’ या नावाने ओळखले जाते. नावातील ‘सिंगल मिनिट’ म्हणजे एक मिनिट नव्हे, तर एकअंकी मिनिटे; साचाबदल दहा मिनिटांच्या आत बसवणे हे त्याचे उद्दिष्ट असते. साठा आणि वाया जाणारा वेळ-माल कमीत कमी ठेवणाऱ्या ‘लीन’ उत्पादनपद्धतीत या तंत्राला पायाभूत स्थान आहे, कारण त्यावाचून लहान लॉट परवडत नाहीत.

समजा, सेटिंगला दोन तास लागतात. शंभर नगांचा लॉट काढला तर प्रत्येक नगावर सेटिंगचा १.२ मिनिटांचा भार पडतो आणि हजारांचा काढला तर ०.१२ मिनिटांचा. साहजिकच सुपरवायझर हजार नग काढून ठेवतो. सेटिंग दहा मिनिटांवर आले, की शंभर नगांच्या लॉटवरही हा भार ०.१ मिनिटच राहतो. १९१३ मध्ये फोर्ड हॅरिस यांनी मांडलेल्या किफायतशीर लॉटच्या सूत्रानुसार लॉटचा आकार सेटिंगच्या खर्चाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे हा खर्च एक चतुर्थांश झाला तर योग्य लॉट निम्म्यावर येतो. या सूत्राचा उपयोग दीर्घकाळ लॉट ठरवण्यापुरताच झाला. सेटिंगचा खर्च मात्र बाहेरून मिळालेला आकडा म्हणून जसाच्या तसा मान्य केला गेला. शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने नेमके हेच गृहीत नाकारले.

शिंगो १९५० मध्ये हिरोशिमा येथील तोयो कोग्यो (पुढील काळातील माझदा) कारखान्यात मोठ्या प्रेसचे काम पाहत होते. तेथे ८०० टनी प्रेसवरील साचाबदलात एक बोल्ट सापडेना. कामगार तो शोधत तासाभराहून अधिक वेळ हिंडला आणि शेवटी दुसऱ्या साच्याचा लांब बोल्ट आणून त्याने तो कापून, आटे पाडून वापरला. यावरून शिंगो यांनी सेटिंगच्या कामाचे दोन भाग केले. यंत्र बंद असतानाच करता येते ते अंतर्गत काम आणि यंत्र चालू असतानाही उरकता येते ते बाह्य काम. पुढे १९६९ मध्ये टोयोटाच्या १,००० टनी प्रेसच्या साचाबदलाला चार तास लागत होते, तर जर्मनीतील फोक्सवॅगन तेच काम दोन तासांत करत होती. सहा महिन्यांत हा वेळ ९० मिनिटांवर आला. त्यानंतर व्यवस्थापनाने तीन मिनिटांचे लक्ष्य दिले आणि तेही साध्य झाले.

तंत्राचा क्रम ठरलेला आहे. आधी दोन्ही प्रकारची कामे वेगळी करायची, मग शक्य तेवढे अंतर्गत काम बाहेर काढायचे आणि अखेरीस उरलेले सगळे सोपे करायचे. पहिल्या पायरीला पैसा जवळजवळ लागत नाही. पाने, क्लॅम्प, ड्रॉइंग आणि पुढचा साचा यंत्र थांबण्यापूर्वीच शेजारी तयार ठेवले, तरी पुष्कळ वेळ वाचतो. दुसऱ्या पायरीत इंजेक्शन मोल्डिंगचा (वितळलेले प्लास्टिक दाबाने भरण्याचा) साचा आधीच तापवून ठेवणे, नायलॉनचे दाणे वेळेवर वाळवायला टाकणे, साच्यांची उंची पट्ट्या जोडून एकसारखी करणे अशी कामे येतात. तिसऱ्या पायरीत बोल्टवर नजर जाते. पंधरा आट्यांच्या नटाला पंधरा फेरे द्यावे लागतात, पण आवळतो तो शेवटचाच. म्हणून ‘यू’ आकाराचे वॉशर, झटपट क्लॅम्प किंवा खाचांच्या जोडण्या वापरल्या जातात.

सर्वांत जास्त वेळ मात्र साचा चढवण्यात जात नाही. शिंगो यांच्या विश्लेषणानुसार पारंपरिक सेटिंगमध्ये जुळवाजुळव व तपासणीला सुमारे ३० टक्के, साचा काढण्या-बसवण्याला अवघे ५, मापे व केंद्र साधण्याला १५ आणि चाचणीचे नग व दुरुस्तीला ५० टक्के वेळ लागतो. म्हणून अनुभवी सेटरच्या हाताच्या अंदाजावर अवलंबून न राहता स्टॉपर, गेज आणि नोंदवलेली मापे यांनी साचा पहिल्याच खेपेला जागेवर बसवणे महत्त्वाचे ठरते. केवळ भारी क्रेन घेऊन हा वेळ फारसा घटत नाही, तरी पहिली मागणी बहुधा क्रेनचीच होते.

ठाण्याची वागळे इस्टेट आणि नवी मुंबईचा दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे असा ठाणे-बेलापूर पट्टा येथील लहान उद्योगांना या तंत्राचे महत्त्व वेगळ्या कारणानेही आहे. जॉब वर्क करणाऱ्या गाळ्यात जागा महाग आणि अपुरी असते, तयार माल रचून ठेवला तर चालण्याची वाट उरत नाही, आणि खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, पत्र्याच्या उघड्या नगांवर गंज चढतो. मोठा लॉट काढून ठेवणे त्यामुळे कागदावर दिसते तितके स्वस्त पडत नाही. वाचलेल्या वेळात तोच माल आणखी काढला, तर अडचण उलट वाढते; तो वेळ अधिक वेळा साचा बदलण्यात खर्च केला तरच साठा उतरतो.

प्लास्टिकच्या कामात रंगांचा क्रम फिकटाकडून गडदाकडे लावला, की बॅरल (यंत्रात प्लास्टिक वितळते ती नळी) धुऊन काढण्यासाठी वाया जाणारा माल व वेळ कमी होतो. औषधनिर्मितीत मात्र घाईला मर्यादा आहे. ब्लिस्टर पॅकिंगच्या यंत्रावर उत्पादन किंवा बॅच बदलताना आधीच्या गोळ्या, फॉइल, लेबले व खोकी पूर्ण हटवून ‘लाइन क्लिअरन्स’ची नोंद करावी लागते, आणि ही तपासणी टाळता येत नाही. सुट्या बदलत्या भागांचा दुसरा संच आधीच धुऊन, तपासून तयार ठेवणे, तसेच पुढच्या बॅचची कागदपत्रे यंत्र थांबण्यापूर्वीच पूर्ण करणे एवढे येथे करता येते.