कुलवृत्तांतातील गुंतागुंतीच्या विवाहनोंदी

एका व्यक्तीचे अनेक विवाह, पुनर्विवाह, पाट (विधवेचे वा काडीमोड झालेल्या स्त्रीचे रीतीप्रमाणे लागलेले दुसरे लग्न), काडीमोड, दत्तकविधान, नात्यातल्या नात्यात झालेली लग्ने अशा प्रसंगी घराण्याच्या इतिहासात विवाह नोंदवण्याची पद्धत. मराठी घराण्यांचे अनेक कुलवृत्तांत पुण्यात संकलित झाले आणि छापलेही गेले, त्यामुळे या प्रश्नाचा विचार पुण्यातील संशोधकांना सतत करावा लागतो.

पारंपरिक वंशावळ मूळपुरुषापासून सुरू होऊन बापाकडून मुलाकडे उतरते. बायका त्या रेघेवर नसतात. फार तर नावापुढे ‘प्रथम संबंध’, ‘द्वितीय संबंध’ असे लिहून माहेरचे आडनाव दिलेले असते. पुरुषाने दोन लग्ने केली असतील तर दोन्हीकडची मुले एकाच नावाखाली येतात आणि कोणते मूल कोणाच्या पोटचे, हे पुढच्या पिढीला कळत नाही. अपत्य नसलेली पहिली पत्नी तर बहुतेक वेळा पूर्णपणे गळते. म्हणून रेघ बापापासून न काढता विवाहापासून काढावी, प्रत्येक विवाहाला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि मुले त्या क्रमांकाखाली लिहावीत. संगणकीय वंशावळीतही विवाहाची नोंद व्यक्तीच्या नोंदीहून वेगळी ठेवतात. जुन्या पद्धतीत स्त्रियांवर झालेला अन्याय दूर करण्याचा हाच खात्रीचा मार्ग आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण घेता येईल. त्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारली. रघुनाथ (जन्म १८८२) हा तिचा मुलगा. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात त्यांनी गोदूबाई या बालविधवेशी विवाह केला आणि तिचे नाव आनंदीबाई ठेवले गेले. शंकर, दिनकर आणि भास्कर ही आनंदीबाईंची मुले. नुसते ‘द्वितीय संबंध’ लिहिले तर कर्वे बिजवर होते एवढेच समजते. आनंदीबाईंचाही तो दुसरा विवाह होता, ही त्या काळी खळबळ उडवणारी गोष्ट मात्र नोंदीतून निसटते. ‘वराचा दुसरा, वधूचा दुसरा’ असे दोन्ही बाजूंनी लिहायला हवे. वधूची तिन्ही नावे, म्हणजे माहेरचे, पहिल्या सासरचे आणि दुसऱ्या सासरचे, एकाच व्यक्तीच्या खाती जमा करावी लागतात. तसे न केल्यास एकाच बाईच्या तीन बायका होतात. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई माहेरच्या यमुना. १८७३ मध्ये पहिली पत्नी सखूबाई गेल्यावर त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. पत्नीचा मृत्यू आणि पुनर्विवाह एकाच सालात आले की नाव, तिथी आणि मृत्यू यांची सांगड बारकाईने घालावी लागते.

तिथीचा हिशेबही फसवा असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हा नियम साधारण पौषापर्यंतच चालतो. कर्व्यांचा विवाह शके १८१४ च्या फाल्गुनातला. ७८ मिळवणारा १८९२ लिहून मोकळा होतो. खरे साल १८९३. माघ-फाल्गुन हे लग्नसराईचे महिने असल्यामुळे ही चूक वंशावळींत फार आढळते.

पहिली पत्नी हयात असताना झालेला विवाह हा वेगळा प्रकार. नानासाहेब पेशव्यांनी गोपिकाबाई हयात असताना १७६० मध्ये पैठणच्या राधाबाईंशी लग्न केले. अशा वेळी पहिल्या विवाहापुढे समाप्ती लिहू नये. दोन्ही नोंदी समांतर चालू ठेवाव्यात. बाजीराव आणि मस्तानी यांच्या संबंधाला त्या काळच्या घराण्याने व समाजाने विवाहाची मान्यता दिली नाही, म्हणून समशेरबहाद्दर आणि बांद्याच्या नबाबांचा वंश पेशव्यांच्या वंशावळीतून वगळणे योग्य नव्हे. संबंधाचे स्वरूप कागद सांगतो तसे लिहावे आणि मूल जोडावे. मान्यतेचा वाद टिपेत चालू राहील.

ब्राह्मणेतर समाजांत विधवेचा व काडीमोड झालेल्या स्त्रीचा पाट लावण्याची रीत जुनी आहे. पेशवे दप्तरात पाटदाम या कराचे उल्लेख सापडतात. हे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे आणि ते वाचायला मोडी यावी लागते. ‘लग्नाची’ आणि ‘पाटाची’ हा भेद नोंदवावा, पण पाटाला अर्धे लग्न समजू नये.

मामेबहिणीशी विवाह झाला की आत्याच सासू होते. वराचा आजोळचा आजा आणि वधूचा आजा एकच असतो. त्या आजाला दोन ठिकाणी दोन क्रमांक दिले की पुढची सगळी गणना बिघडते. साटेलोट्यात दोन घराण्यांत लेकी उलटसुलट गेलेल्या असतात. तिथेही हीच खबरदारी घ्यावी. पुण्यात डेक्कन कॉलेजात नातेसंबंधांचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या इरावती कर्वे या दिनकर कर्व्यांच्या पत्नी, म्हणजे वर दिलेल्या वंशावळीतल्याच सून होत.

आधार शोधताना छापील वंशावळीपेक्षा घरगुती कागद उपयोगी पडतात. सर्वपित्रीच्या तर्पणात सापत्न मातेचे नाव घ्यावे लागते, त्यामुळे कुटुंबात जपलेल्या तर्पणाच्या यादीत विसरलेली पहिली पत्नी हटकून सापडते. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या उपाध्यायांच्या वह्या, लग्नपत्रिका आणि वारसांचे फेरफार हेही पाहावेत. जमिनीच्या वाटणीत कोणी कोणाची आई ठरवण्यात हयगय करत नाही, म्हणून फेरफाराची साक्ष सहसा वजनदार असते.

मुंबई प्रांतात द्विभार्याप्रतिबंधक कायदा १९४६ मध्ये आणि हिंदू घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये आला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने हे नियम देशभर लागू झाले. त्यानंतर पहिला विवाह कायम असताना केलेला दुसरा विवाह कायद्याने रद्दबातल असला तरी त्यातील मुले औरसच मानली जातात, तेव्हा वंशावळीतही त्यांचे स्थान पक्के आहे. हयात व्यक्तींचा घटस्फोट मात्र दोघांच्या संमतीशिवाय छापू नये. हस्तलिखितात तो नोंदवून ठेवावा आणि छापील प्रतीत नुसता विवाहाचा क्रमांक द्यावा.