संडासाच्या भांड्याखाली काय घडते

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त पाहणीच्या २०२४ सालच्या आकडेवारीत दोन संख्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. जगात सुमारे ३५ कोटी लोक अजूनही उघड्यावर शौचाला बसतात. २००० मध्ये ही संख्या १३० कोटींच्या घरात होती. परंतु ज्यांच्या मैल्याची सुरक्षित विल्हेवाट लागत नाही, असे लोक मात्र, हे ३५ कोटी धरून, सुमारे ३४० कोटी आहेत. याचा अर्थ, तीनशे कोटींहून अधिक माणसे कसला ना कसला संडास वापरतात. पण तो चार कुटुंबांत सामाईक असतो, नुसता उघडा खड्डा असतो, किंवा त्यातला मैला पुढे कोणतीही प्रक्रिया न होता नाल्यात, शेतात नाहीतर भूजलात मिसळतो. पहिली संख्या वर्तमानपत्रांत येते, दुसरीची चर्चा फारशी होत नाही, आणि माझ्या मते रोगराईचे मूळ मुख्यतः या दुसऱ्या संख्येत आहे.

विष्ठा धोकादायक का ठरते, हे आधी पाहू. रोटाव्हायरसची लागण झालेल्या बाळाच्या एका ग्रॅम विष्ठेत अब्जावधी विषाणू असू शकतात, आणि नवी लागण होण्यासाठी त्यांतले शंभराहूनही कमी पोटात गेले तरी पुरते. जंताची, विशेषतः गोल कृमीची, अंडी याहून चिवट असतात. ओलसर, सावलीच्या मातीत ती वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात. हे सगळे पुन्हा तोंडापर्यंत पोहोचते ते हात, माश्या, माती, पाणी आणि अन्न या वाटांनी. संडास यांतल्या काही वाटा अडवतो, सगळ्या नव्हे, आणि ज्या अडवतो त्याही गावातल्या बहुतेकांनी तो वापरला तरच अडतात, कारण शेजाऱ्याच्या परसातली माशी कुंपण ओळखत नाही.

ही गोष्ट ओडिशातल्या पुरी जिल्ह्यात झालेल्या एका मोठ्या प्रयोगाने समोर आणली. शंभर गावांतल्या निम्म्या गावांत संडास बांधण्याची मोहीम राबवली गेली आणि तेथे संडास असलेल्या कुटुंबांचे प्रमाण सरासरी ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मात्र निराशाजनक होते: मुलांच्या अतिसारात किंवा जंतांच्या प्रादुर्भावात फरक पडलेला नव्हता. पुढे बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेमध्ये झालेल्या मोठ्या चाचण्यांतही साधे संडास, हात धुणे आणि पाण्याचे शुद्धीकरण यांमुळे मुलांची उंची वाढल्याचे दिसले नाही. बांगलादेशात अतिसार कमी झाला, इतकेच. यावरून संडास निरुपयोगी आहेत असा अर्थ काढणारेही निघाले. तो अर्थ मला घाईचा वाटतो. पुरीच्या गावांत बांधलेले सगळे संडास चालू अवस्थेत नव्हते, जे होते ते घरातले सगळेजण वापरत नव्हते, लहान मुलांची शी अंगणातच पडत होती. निम्मीच छिद्रे बुजवलेल्या होडीत पाणी शिरतच राहते. त्यावरून छिद्र बुजवण्याचा उपाय चुकीचा ठरत नाही.

घरात संडास असून तो न वापरण्याचे कारण काय? उत्तर भारतातल्या पाच राज्यांत २०१४ मध्ये झालेल्या पाहणीत, चालू संडास असलेल्या ४० टक्क्यांहून अधिक कुटुंबांत निदान एक माणूस उघड्यावर जात असल्याचे आढळले. खड्डा भरेल, मग तो कोण उपसणार, ही त्यामागची एक मोठी चिंता होती. मैला उपसण्याचे काम आपल्या समाजाने शतकानुशतके विशिष्ट जातींच्या माथी मारले. ते काम इतर कोणी करणार नाही आणि त्या जातींतली माणसेही आता ते नाकारतात, जे पूर्णपणे योग्य आहे. म्हणून लोक एक तर प्रचंड खड्डा खणतात, किंवा सरकारने खणलेला लहान खड्डा भरू नये म्हणून जपून वापरतात.

गंमत म्हणजे या प्रश्नाचे उत्तर कित्येक दशकांपासून उपलब्ध आहे, आणि ते आहे दोन शोषखड्ड्यांचा संडास. माणसाच्या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. खड्ड्याच्या भिंतीत जाळीसारखी भोके ठेवलेली असल्यामुळे हे पाणी, मूत्र आणि ओतलेले पाणी आजूबाजूच्या मातीत झिरपते, तयार होणारे वायूही मातीत शोषले जातात, आणि उरलेल्या घन भागाचा बराचसा हिस्सा जिवाणू पचवून टाकतात. त्यामुळे माणशी वर्षाला साधारण ४० ते ५० लिटरच गाळ साठतो. एक मीटर व्यासाच्या आणि एक मीटर खोल खड्ड्यात सुमारे ७८५ लिटर मावतात. पाच माणसांच्या कुटुंबाला तो तीन ते चार वर्षे पुरतो. एका वेळी एकच खड्डा वापरात असतो. तो भरला की भांडे आणि खड्डे यांमधल्या चेंबरमधली एक वाट बंद करून दुसरी उघडायची. पहिला खड्डा झाकलेला, विश्रांती घेत राहतो, आणि या काळात ऊब, कोरडेपणा व इतर सूक्ष्मजीवांशी चाललेली स्पर्धा यांमुळे रोगजंतू मरत जातात. उष्ण हवामानात यासाठी किमान एक वर्ष आणि थंड प्रदेशात दीड ते दोन वर्षे धरली जातात. हा अवधी मुख्यतः जंतांच्या अंड्यांसाठी असतो, कारण ती सर्वांत शेवटी मरतात. दुसरा खड्डा भरेपर्यंत पहिल्यातला मैला काळपट, भुसभुशीत, वास नसलेले खत झालेला असतो, आणि घरमालकाने तो स्वतः फावड्याने काढून शेतात टाकायला हरकत नसते. भांड्याचा उतार तीव्र आणि त्याखालच्या वाकड्या नळीतले पाणी जेमतेम २० मिलिमीटर असल्याने दीड-दोन लिटर पाण्यात काम भागते. दुष्काळी गावात ही बाब क्षुल्लक नाही.

हे सगळे बिघडते ते बांधकामात. गवंडी पुष्कळदा दोन्ही खड्ड्यांना एकाच वेळी पाइप जोडून देतो, किंवा एकातून दुसऱ्यात सांडवा काढतो. मग दोन्हींत ताजा मैला पडत राहतो आणि विश्रांती कोणालाच मिळत नाही. जमिनीचाही विचार करावा लागतो. काळ्या चिकण मातीत पाणी झिरपता झिरपत नाही, त्यामुळे खड्डा लवकर तुंबतो. उलट कोकणातल्या भेगाळ जांभ्यातून ते इतक्या वेगाने वाहते की गाळण होण्याआधीच जवळच्या विहिरीत पोहोचू शकते, आणि पावसाळ्यात भूजल वर चढले की हा धोका वाढतो. बारीक मातीत जिवाणू काही मीटरांत अडकतात, विषाणू त्याहून लांब जातात आणि मैल्यातून तयार होणारे नायट्रेट हे क्षार तर पाण्याबरोबर वाहतच राहते.

महाराष्ट्रात या प्रश्नावर निराळ्या बाजूने काम करणारे एक वैद्यकीय अधिकारी होते, देहूचे डॉ. एस. व्ही. मापुसकर. देहूतले त्यांचे काम अनेक दशके चालले आणि संडासाला बायोगॅस संयंत्र जोडण्याचा त्यांचा आग्रह होता, म्हणजे टाकाऊ मानलेल्या गोष्टीतून स्वयंपाकाचा गॅस मिळावा. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

शहरांत मात्र दोन खड्ड्यांना जागा नसते, तिथे सेप्टिक टँक असतो, आणि त्याच्याविषयीचा गैरसमज मोठा आहे. टाकीत घन भाग तळाशी बसतो आणि अंशतः कुजतो, एवढेच. तिच्यातून बाहेर पडणारे पाणी दिसायला निवळ असले तरी जंतूंनी भरलेले असते, आणि ते शोषखड्ड्याऐवजी गटारात सोडले की टाकी असून नसल्यासारखी होते. ढाका शहराचा दशकभरापूर्वीचा अभ्यास या बाबतीत बोलका आहे. तेथे जवळपास प्रत्येकजण संडास वापरत होता, तरीही शहरातल्या मैल्यापैकी सुमारे दोन टक्क्यांवरच परिणामकारक प्रक्रिया होत होती. बाकीचा नाले, तळी आणि नद्यांत.

टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावी, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ती तुंबून अंगणात सांडू लागली की लोक मैला उपसणारी गाडी बोलावतात, आणि गाडी महाग वाटली तर कोणाला तरी आत उतरवतात. आतल्या हायड्रोजन सल्फाइडने आणि प्राणवायूच्या अभावाने माणूस काही श्वासांत बेशुद्ध पडू शकतो. २०१३ च्या कायद्याने हे धोकादायक काम करून घेण्यास बंदी आहे. मृत्यू थांबलेले नाहीत. साताऱ्यातल्या वाई आणि नाशिकजवळच्या सिन्नर या लहान शहरांनी २०१८ पासून वेगळी पद्धत धरली: टाकी तुंबण्याची वाट न पाहता, ठरलेल्या वेळापत्रकाने साधारण तीन वर्षांत शहरातली प्रत्येक टाकी गाडीने उपसायची आणि गाळ प्रक्रिया केंद्रात न्यायचा. खर्च गाडी दारात आल्यावर वेगळा मागण्याऐवजी करातून भागवला जातो, त्यामुळे पैसे वाचवण्यासाठी उपसा पुढे ढकलण्याचे कारण घरमालकाकडे उरत नाही, आणि गाळाने भरलेली गाडी ओढ्यात रिकामी करण्याचे कारण कंत्राटदाराकडे उरू नये म्हणून त्याचे देणे कामाच्या नोंदीशी बांधलेले असते.