स्टिम्युलसचा चेक आणि अनएम्प्लॉयमेंट: पैसे दोन्ही सरकारचे, टॅक्स मात्र एकावरच

"सरकारनंच दिले आणि आता सरकारच त्यावर टॅक्स घेणार?" हा प्रश्न मी २०२१ च्या फेब्रुवारीपासून ऐकते आहे. अमेरिकेत राहणाऱ्या ओळखीच्या मराठी मंडळींची रिटर्नं मी दर वसंतात जेवणाच्या टेबलावर बसून तपासून देते. कोविडच्या काळात आलेल्या पैशांचा विषय निघाला की दहातले सात जण सगळं एकाच पातेल्यात ढवळतात. वर "आमच्या मित्राला तर काहीच टॅक्स लागला नाही" हे असतंच. मित्राला काय मिळालं होतं, कुठल्या वर्षी आणि तो राहतो कुठल्या राज्यात, हे मात्र कोणालाच ठाऊक नसतं.

स्टिम्युलस, म्हणजे कोविडमध्ये केंद्र सरकारनं लोकांना थेट वाटलेले पैसे. त्याबद्दल फार सांगत नाही, ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. तीन हप्ते आले: मार्च २०२० च्या केअर्स कायद्यानं माणशी १,२०० डॉलर आणि सतरा वर्षांखालच्या मुलामागे ५००, डिसेंबर २०२० च्या कायद्यानं माणशी आणि मुलामागे ६००, मार्च २०२१ च्या कायद्यानं माणशी १,४००. कोणाच्या खात्यात जमा झाले, कोणाला चेक आला. काहींना साध्या पांढऱ्या पाकिटातून डेबिट कार्ड आलं आणि जाहिरात समजून त्यांनी ते कचऱ्यात टाकलं.

अनएम्प्लॉयमेंट, म्हणजे बेकारी भत्ता, ही वेगळी चीज. नोकरी गेली म्हणून राज्याकडे अर्ज करायचा, दर आठवड्याला 'मी काम शोधतोय' असं कळवायचं आणि पैसे घ्यायचे. कोविडमध्ये केंद्र सरकारनं यात भर घातली: २०२० च्या जुलैअखेरपर्यंत आठवड्याला ६०० डॉलर जादा, आणि २०२० च्या डिसेंबरअखेरीपासून सप्टेंबर २०२१ पर्यंत ३००.

आता ६०० हा आकडा पुन्हा बघा. दुसऱ्या स्टिम्युलसचे ६०० आणि बेकारी भत्त्यातले दर आठवड्याचे जादा ६००. निम्मा घोळ या एका आकड्यानं घातलाय. "ते सहाशे टॅक्स-फ्री होते ना?" असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, "एकदाच आलेले की दर आठवड्याला येणारे?" एकदा आलेल्या सहाशेवर टॅक्स नाही. दर आठवड्याला आलेल्या सहाशेवर आहे.

खरी मेख पुढेच आहे. लोकांना वाटतं की स्टिम्युलस हे उत्पन्न होतं आणि सरकारनं ते दयाबुद्धीनं माफ केलं. तसं नाही. कायद्याच्या लेखी ते उत्पन्नच नव्हतं, टॅक्समधल्या एका क्रेडिटची आगाऊ दिलेली रक्कम होती. या क्रेडिटचं नाव रिकव्हरी रिबेट क्रेडिट. फॉर्म १०४०, म्हणजे केंद्राच्या टॅक्स रिटर्नचा मुख्य फॉर्म, समोर धरला तर पगार, व्याज, बेकारी भत्ता हे सगळं वरच्या भागात, जिथे उत्पन्नाची बेरीज होते तिथे बसतं. हे क्रेडिट २०२० आणि २०२१ च्या फॉर्मवर बसायचं खाली तिसाव्या ओळीवर, जिथे तुम्ही आधीच भरलेला टॅक्स जमेला धरतात तिथे. वर लिहिलेल्या आकड्यावर टॅक्स लागतो, खाली लिहिलेल्या आकड्यानं टॅक्स फिटतो. म्हणून "स्टिम्युलस उत्पन्नात कुठे दाखवू?" या प्रश्नाला उत्तर एकच: कुठेच नाही.

'आगाऊ' शब्द ऐकला की आपल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, कारण आपल्याकडे आगाऊ म्हणजे उचल. ऊसतोडीला निघालेला कामगार मुकादमाकडून उचल घेतो आणि हंगामभर ती अंगावरून फेडतो. त्यामुळे "आज १,२०० दिले, पुढच्या वर्षी रिफंडमधून कापणार" ही अफवा २०२० मध्ये वाऱ्यासारखी पसरली. उचल होती हे खरं, पण मुकादम भलताच उदार होता. पहिले दोन हप्ते २०१९ किंवा त्याआधीच्या उत्पन्नावर अंदाजानं दिले आणि पक्का हिशेब २०२० च्या रिटर्नमध्ये केला. हिशेबात जास्त दिल्याचं निघालं तर सोडून दिले, कमी पडले असतील तर वरून दिले. असा मुकादम बीडपासून कोल्हापूरपर्यंत शोधून सापडायचा नाही.

या एकतर्फी हिशेबाचा फायदा ज्यांना सर्वांत जास्त व्हायला हवा होता, त्यांनीच तिसावी ओळ कोरी सोडली. एकट्या माणसाचं २०१९ चं उत्पन्न १,१०,००० डॉलर असेल तर त्याला चेक आला नसणार, कारण ७५,००० च्या वर रक्कम घटत जाते आणि पहिला हप्ता ९९,००० ला शून्य होतो. पण २०२० मध्ये त्याची नोकरी गेली आणि उत्पन्न ४०,००० वर आलं, तर तिसाव्या ओळीवर पूर्ण १,८०० त्याच्या हक्काचे. २०२० मध्ये बाळ झालं असेल तर त्याचे ११०० वेगळे. आणि आपल्या लोकांचं नेहमीचं दुखणं: नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, तिच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, फक्त आयटीआयएन, म्हणजे हा नंबर मिळू न शकणाऱ्यांसाठीचा टॅक्स नंबर. एकत्र रिटर्न भरलं म्हणून केअर्स कायद्यानं अख्ख्या कुटुंबाच्या हातावर तुरी दिल्या. डिसेंबरच्या कायद्यानं ती चूक मागच्या तारखेपासून सुधारली आणि ज्याच्याकडे नंबर आहे त्याचा आणि तशा मुलांचा हिस्सा रिटर्नमध्ये मागता येऊ लागला. किती घरांनी मागितला? मी बघितलेल्या पहिल्या चार रिटर्नांत एकानंही नाही.

आता बेकारी भत्ता. तो पगाराच्या जागी आलेला पैसा, म्हणून पगारासारखाच मोजला जातो. हा नियम कोविडचा नाही. १९८७ पासून केंद्राचा टॅक्स पूर्ण भत्त्यावर लागतो. जानेवारीत राज्याकडून फॉर्म १०९९-जी, म्हणजे वर्षभरात दिलेल्या भत्त्याचा दाखला, येतो. पहिल्या बॉक्समधला आकडा शेड्युल १ या १०४० च्या पुरवणीच्या सातव्या ओळीवर जातो. हातात पडलेली रक्कम लिहू नका, पहिल्या बॉक्समधली लिहा. कापलेला टॅक्स चौथ्या बॉक्समध्ये असतो आणि तो वेगळा जमा होतो. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (पेन्शन आणि म्हातारपणीच्या आरोग्यविम्यासाठी पगारातून होणारी कपात) मात्र यावर कापत नाहीत, एवढाच काय तो दिलासा.

मग "मित्राला टॅक्स लागला नाही" हे आलं कुठून? ११ मार्च २०२१ च्या कायद्यातून. त्यानं २०२० सालापुरते, फक्त २०२० सालापुरते, माणशी पहिले १०,२०० डॉलर करमुक्त केले. अट अशी की उत्पन्न १,५०,००० च्या आत हवं. आणि ही मर्यादा एकट्याला आणि जोडप्याला एकच, हे मला आजही पटलेलं नाही. शिवाय ती हळूहळू घटणारी नव्हती, थेट कडा होती: एक डॉलर वर गेला की १०,२०० च्या १०,२०० गेले.

फरक किती पडतो ते बघा. एकटा माणूस, पगार १४,००० आणि भत्ता १५,०००, त्यात सोळा आठवड्यांचे जादा ६०० म्हणजे ९,६०० आलेच. २०२० मध्ये १०,२०० वगळून भत्त्याचे ४,८०० उरले, एकूण १८,८००. त्यातून १२,४०० चं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट मिळणारी वजावट, गेलं की टॅक्स सुमारे ६४० डॉलर. हेच आकडे २०२१ मध्ये घ्या. सवलत नाही, डिडक्शन १२,५५०, टॅक्स सुमारे १,७७५. माणूस तोच, पैसे तेच. त्याला मिळालेल्या स्टिम्युलसनं या दोन्ही आकड्यांत एका पैशाचाही फरक पडत नाही.

बरं, सवलतीचा कायदा आला तोवर फाइलिंग सुरू होऊन महिना झाला होता. घाईनं भरणारे हवालदिल झाले आणि दुरुस्ती रिटर्नं भरत सुटले. बहुतेकांना त्याची गरज नव्हती. आयआरएसनं, म्हणजे केंद्राच्या टॅक्स खात्यानं, आपणहून हिशेब करून मे २०२१ पासून परतावे पाठवले.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. राज्याचा टॅक्स प्रत्येकाचा निराळा: न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया बेकारी भत्त्यावर घेत नाहीत, न्यूयॉर्क घेतं, आणि १०,२०० ची सवलतही न्यूयॉर्कनं मानली नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनला नोकरी करणाऱ्यांनी 'आमचं राज्य घेत नाही' म्हणत गाफील राहू नये, न्यूयॉर्कमधल्या नोकरीवरचा भत्ता न्यूयॉर्कच्या हिशेबात जातो. भत्त्यातून टॅक्स कापून घ्यायचा तर सरसकट १० टक्केच कापतात, आणि जोडीदाराचा पगार चांगला असेल तर एप्रिलमध्ये तेवढे पुरत नाहीत. तुम्ही भत्ता घेतलाच नाही आणि तरी १०९९-जी आला, तर कोणीतरी तुमच्या नावावर हात मारलाय. राज्याला कळवून दुरुस्त फॉर्म मागवा, न मिळालेले पैसे उत्पन्नात धरू नका. आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर नवीन आलेल्या मुलांनो, तुमचा फॉर्म १०४०-एनआर, म्हणजे अनिवासींचा. सॉफ्टवेअरनं तेव्हा साधा १०४० भरला आणि स्टिम्युलसचा चेक आला म्हणून तो हक्काचा ठरत नाही. तो परत करायचा असतो.

स्टिम्युलसचा दरवाजा आता बंद झालाय. डिसेंबर २०२४ मध्ये आयआरएसनं २०२१ च्या रिटर्नमध्ये क्रेडिटची ओळ कोरी सोडलेल्या सुमारे दहा लाख लोकांना आपणहून पैसे पाठवायचं ठरवलं. ज्यांनी रिटर्नच भरलं नव्हतं त्यांची मुदत १५ एप्रिल २०२५ ला संपली. लेऑफ मात्र सुरूच आहेत आणि १०९९-जी दर जानेवारीला येतोच. यंदाही एका ओळखीच्या मुलानं व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो पाठवला. कागदाच्या कडेला चहाचा डाग, खाली प्रश्न: "ताई, यातले १०,२०० वजा करायचे ना?" मी लिहिलं, "नाही रे. पहिल्या बॉक्समधला पूर्ण आकडा, शेड्युल १, ओळ सात. चौथ्या बॉक्सचाही फोटो पाठव, त्यावर बोट आलंय तुझं."